‘सायकलने आयुष्य घटतं’ म्हणे! मग हिशोब पुरा मांडू

सध्या एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मथितार्थ असा: शहरात पायी, सायकलने किंवा बसने फिरणं आरोग्याला चांगलं, ही थाप आहे. धूर फुफ्फुसात जातो, अपघातात जीव जातो, बसच्या गर्दीत आजार चिकटतात. त्यापेक्षा काचा बंद करून आपल्या गाडीत बसा. प्रदूषणाचं म्हणाल तर इलेक्ट्रिक गाड्या आल्या की ते आपोआप मिटेल.

यातली निम्मी वाक्यं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. म्हणून तर तो पटतो आणि पुढे ढकलला जातो.

धुरापासून सुरुवात करू. पॅडल मारणारा माणूस बसलेल्या माणसाच्या दुपटी-तिपटीने हवा आत ओढतो, त्यामुळे धूरही जास्त जातो. मान्य. पण मेसेज इथेच थांबतो आणि जमेची बाजू कोरी ठेवतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दोन्ही बाजू मांडल्या. रोजचा छोटा प्रवास गाडीऐवजी सायकलने केला तर व्यायामामुळे आयुष्य सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं, जास्तीच्या धुरामुळे ०.८ ते ४० दिवसांनी घटतं आणि अपघातांच्या जोखमीमुळे आणखी ५ ते ९ दिवसांनी.

‘तिकडची हवा स्वच्छ, त्यांना काय जातंय सांगायला!’ हा पुढचा प्रश्न रास्त आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये नेमकं तेच तपासलं. त्यांच्या गणितानुसार दिल्लीसारख्या हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवली, तरच तोटा फायद्यावर मात करतो. पाच तास म्हणजे रोजची चाळीसेक मिनिटं. अर्थात हा सरासरीचा हिशोब झाला. दम्याच्या रुग्णाने धुरकं दाटलेल्या दिवशी सायकल काढावी असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आता एक आक्षेप, जो मेसेजवाल्याला सुचला नाही पण सुचायला हवा होता. सायकल चालवणारे मुळातच धडधाकट असतील तर? लंडनच्या दुमजली बसवरचा जुना अभ्यास इथे आठवतो. ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पण गडी चिकित्सक. १९५६ मध्ये त्यांच्याच गटाने कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर नोकरीला लागतानाच जास्त निघाला! म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. तेव्हापासून अशा अभ्यासांत वय, वजन, धूम्रपान यांचा परिणाम वेगळा काढायची धडपड असते. तशी काळजी घेऊन ब्रिटनमधल्या अडीच लाखांवर लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी आढळला. यातला थोडा भाग ‘मुळात धडधाकट’ लोकांचा असेलही, पण सगळा तसाच असेल हे मानणं कठीण.

बंद काचांचं म्हणाल, तर गाडीत हवा ओढून घेणारी जाळी असते पुढच्या बाजूला, आणि तिच्यासमोर असतो पुढच्या गाडीचा सायलेन्सर. कोंडीत त्या गाडीचा धूर थेट आत येतो. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं तर धूलिकण कमी होतात, पण तासाभरात कार्बन डायऑक्साइड साचून डोळे जड होतात. आणि आपण बाहेर सोडलेला धूर कुणाच्या नाकात जातो? अमेरिकेत टोलनाक्यांवर न थांबता पैसे भरायची सोय झाली, रांगा घटल्या, तेव्हा नाक्याच्या दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये मुदतीआधीच्या बाळंतपणांचं आणि कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण अकरा-बारा टक्क्यांनी घटलं. त्या मायलेकरांना कसली काच बंद करता येणार होती?

अपघातांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. पण पायी चालणारा पायी चालणाऱ्याला धडकून मरत नाही. धोका येतो तो वजनातून आणि वेगातून. सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची जोखीम चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भीती वाटते म्हणून आणखी एक जण गाडी काढतो, आणि उरलेल्या सायकलवाल्यांचा धोका तेवढाच वाढवतो. नॉर्वेतल्या ऑस्लो शहराने उलट दिशेने पावलं टाकली: वेग उतरवले, मध्यवस्तीतलं पार्किंग काढलं, सायकलींना वेगळी वाट दिली. २०१९ मध्ये तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात मेला नाही.

बसच्या गर्दीत सर्दी-खोकला लागतो, खरंय. खिडकी उघडा, साथ असेल तर मास्क लावा. पण थांब्यापर्यंतची पायपीट कुणी मोजत नाही. अमेरिकेसारख्या गाडीवेड्या देशातही बस-रेल्वेने जाणाऱ्यांपैकी निम्म्यांचं थांब्याला जाण्या-येण्यापुरतंच रोज १९ मिनिटं किंवा त्याहून जास्त चालणं होतं, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. व्यायामाचा संकल्प न करता!

राहिल्या इलेक्ट्रिक गाड्या. सायलेन्सरचा धूर त्या नक्कीच थांबवतात आणि ते मोठं काम आहे. पण टायर झिजून उडणारे कण राहतात, उलट बॅटरीच्या वजनाने वाढूही शकतात. टक्कर तेवढीच जोरात बसते. बसून राहणारा माणूस बसूनच राहतो. रस्त्यावरच्या गाड्याच कमी केल्या तर? स्वीडनमधल्या स्टॉकहोमने २००६ मध्ये कोंडीकर, म्हणजे मध्यवस्तीत गाडी नेण्यावरचा कर, लावून पाहिला आणि नंतर तो कायम केला. मध्यवस्तीतली वाहनं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. लहान मुलांमधले दम्याचे झटके घटले, पण एकदम नाही. हवा सुधारल्याचं मोजमापात लगेच दिसलं, मुलांची छाती मोकळी व्हायला त्याहून जास्त काळ लागला, आणि वर्षं गेली तसतसा फरक वाढत गेला.