दादा, फोटो तरी नीट बघून टाकायचास

सकाळी फॅमिली ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. वर एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, घुमटाच्या इमारतीचा झकास फोटो आणि खाली मजकूर, "आपली पोरं घरी आणि परदेशी पोरं आपल्या टॅक्सवर खडकवासल्यात. पटत असेल तर पुढे पाठवा." पाच मिनिटांत अकरा अंगठे. एका मावसभावाने तर लाल चेहऱ्याच्या इमोजींची रांगच लावली. मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय. दादा इथेही आहे, ते मला माहीत आहे.

आधी फोटोबद्दल. त्या इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदान सोडवताना भारतीय जवानांनी रक्त सांडलं, त्याच्या स्मरणासाठी सुदानने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर आपल्या वाट्याला सत्तर हजार आले आणि ते या इमारतीला लागले. म्हणजे परदेशी पोरांना हाकला म्हणताना तू परदेशी पैशातून उभा राहिलेला घुमट चिकटवलास. ज्याने फॉरवर्ड बनवला त्याला हे माहीत नसेल. आपण दोघं त्या घुमटाच्या सावलीत वाढलो, रे!

मित्रमंडळींना सांगते. आमचे बाबा अकॅडमीत शिंपी होते. कॅडेट्सचे युनिफॉर्म शिवायचे, उसवायचे, पुन्हा बेतायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भूतानचा एक मुलगा दर टर्मला इतका भरायचा की बाबांना त्याचे खांदे पुन्हा पुन्हा उसवावे लागायचे. त्यातूनच ओळख झाली आणि लिबर्टीच्या, म्हणजे बाहेर जायच्या सुट्टीच्या, रविवारी तो आमच्या क्वार्टरवर यायला लागला. आजी त्याला 'आपला डोंगरातला' म्हणायची. कॅम्प तोरणा या खडतर सराव शिबिराहून आल्यावर बाकीच्यांचे पाय सोललेले, आणि हा म्हणे, आमची शाळा घरापासून याहून वर होती. त्याने दादाला बांबूचं धनुष्य करून दिलं. दादाने पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंचा माठ फोडला आणि आळ त्याच्यावर घातला. त्याने तो निमूट घेतला. आठवतंय का?

आता कुणी म्हणेल, ताई, भावनेवर देश चालत नाही. बरं. 2003 च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्याने त्यांच्या जंगलात दडलेले उल्फा या आसामातल्या फुटीर संघटनेचे तळ स्वतः उद्ध्वस्त केले. त्यात त्यांचेही जवान गेले. 2017 मध्ये डोकलामला भूतान दावा सांगतो त्या जमिनीवर आपले जवान चिनी सैन्यासमोर 73 दिवस उभे राहिले. असा भरवसा काय दिल्लीत सही करून एका दुपारी तयार होतो? एकाच ड्रिल स्क्वेअरवर एकाच उस्तादाच्या (कवायत शिकवणाऱ्याच्या) शिव्या खाल्लेली माणसं उद्या दोन्ही बाजूंना अधिकारी असतात, तेव्हा फोन उचलला जातो.

हो, स्टानिकझाईचं नाव काढणार तुम्ही. 1982 ला डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे भारतीय लष्करी अकादमीत, शिकलेला अफगाण मुलगा पुढे तालिबानचा मोठा नेता झाला. झाला. आणि त्याच आयएमएच्या 1932 च्या पहिल्या तुकडीत माणेकशा आणि मुहम्मद मुसा एकत्र होते, तरी 1965 च्या युद्धात मुसा पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख होतेच. एका मेसमध्ये जेवल्याने युद्धं थांबत नाहीत, मान्य. पण म्हणून ताट उचलून घ्यायचं?

आणि जागांचं म्हणाल तर परदेशी कॅडेट्सना त्यांचं सरकार पाठवतं. आपली मुलं यूपीएससीची लेखी परीक्षा आणि एसएसबीच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीतून जातात. त्या जागा वेगळ्या. काही देशांच्या मुलांचा खर्च आपण करतो, हे खरं आहे. करावा.

इथपर्यंत तावातावाने लिहिलं आणि मग आठवलं. माझा भाचा गेल्या महिन्यात एसएसबीत पाचही दिवस टिकला आणि कॉन्फरन्सनंतर बाहेर पडला. तेव्हापासून वहिनी सांगते, दादा रात्री उशिरापर्यंत मोबाइल चाळत बसतो. तो फॉरवर्ड कुठून आला ते आता कळतंय. दादा, तुझं दुखतंय, ते मलाही दुखतं. पोरगा गुणी आहे. पण त्याची जागा भूतानच्या किंवा ताजिकिस्तानच्या पोराने नाही घेतली, आणि हे तुलाही ठाऊक आहे.

त्या भूतानच्या मुलाच्या पासिंग आउट परेडला त्याच्या घरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. पाहुण्यांचे पास त्याने बाबांना आणून दिले. जन्मभर गणवेश शिवले, पण पाहुण्यांच्या खुर्चीत बाबा त्या एकाच दिवशी बसले. मी आईच्या मांडीवर, तू बाबांच्या खांद्यावर. सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाबा मात्र रांगेत त्याला शोधून त्याच्या खांद्याची शिलाई बघत होते. "बसलीय नीट," एवढंच म्हणाले. मग डोळे पुसले.

दादा, ग्रुपवरचा मेसेज काढ किंवा ठेव, तुझी मर्जी. रविवारी मी येतेय. भाच्याला म्हणावं, सीडीएसचा, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या दुसऱ्या परीक्षेचा, फॉर्म आपण बसून भरू. आणि माळ्यावर ते धनुष्य अजून आहे का, तेवढं बघून ठेव. माठ तूच फोडला होतास, ते भाच्याला मी सांगणार आहे.