६४ सह्या, अनुक्रमांक ११

आज सकाळी सुनावणीच्या व्हरांड्यात जिभाऊ उभे होते. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, धुतलेली पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलीत एकच कागद आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ सह्या. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेल्या जागेचं आरक्षण उठवू नका, एवढीच मागणी. पुकारा झाला, "अनुक्रमांक ११". आत जेमतेम अडीच मिनिटं. साहेबांनी विचारलं, "जमीन तुमची आहे का?" नाही. "मग तुमचा काय संबंध?" जिभाऊ गप्प. बाहेर येऊन टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "चौसट जन शेतस भो, आनि या एकच मोजतस." चौसष्ट जण आहेत, आणि हे एकच मोजतात.

दिवसभर तेच वाक्य डोक्यात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. खान्देशात कुठल्याही शहरात वाचणाऱ्याला हे आपल्याच गावचं वाटेल, याची खात्री आहे.

आधी तो "काय संबंध" काढतो. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ चा. विकास आराखडा असो की कलम ३७ खालचा मंजूर आराखड्यातला फेरबदल, हरकत घेण्याचा हक्क जमीनमालकापुरता नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे. बेंगळुरूत बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली, तेव्हा शेजारचे रहिवासी भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९९१ साली कोर्टाने तो व्यवहार रद्द ठरवला आणि रहिवाशांना दाद मागायचा अधिकार आहे हेही सांगितलं. बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. नाव पाठ करून ठेवा, पुढच्या वेळी "संबंध" विचारला की सांगायला.

पण राग फक्त खुर्चीवरच्यांचा नाही, आपलाही आहे. आरक्षण उठवण्याची ती नोटीस पेपरात आली तेव्हा कोणी वाचली? पान सात, "हरवले आहे" आणि "माझे नाव बदलले आहे" यांच्या मध्ये, मुंगीएवढ्या टाइपात. "मौजे अमुक, गट क्रमांक तमुक, आरक्षण क्रमांक इतका, बालोद्यान, क्षेत्र ०.३८ हे.आर. हे आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे." हे वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर काही येतं का? ०.३८ हेक्टर म्हणजे ३८ आर, म्हणजे ३,८०० चौरस मीटर, म्हणजे साडेसदतीस गुंठे. एकराला अडीच गुंठे कमी. म्हणजे ती कडुनिंबाच्या पाच झाडांची जागा, जिथे पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळतात आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात रिक्षावाले झोपतात. नोटिशीत कडुनिंब लिहीत नाहीत, गट नंबर लिहितात. आपल्याला आपल्या कॉलनीचा गट नंबर माहीत नसतो. घराचा सिटी सर्व्हे नंबर माहीत असतो, तोही कर्ज काढलं असेल तर.

म्हणून पहिलं काम, गट नंबर शोधा. कॉलनीतल्या कोणाच्याही खरेदीखतात ले-आउटचा मूळ गट लिहिलेला असतो. तो घेऊन नगररचना विभागात झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशाचा तेवढा तुकडा) मागा. रीतसर अर्ज करा, फी भरा, शिक्क्यासह घ्या. भूमी अभिलेखमधून गटाचा नकाशा वेगळा काढा. दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. हसू नका, यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, दोन्ही नकाशे एकाच प्रमाणावर करून घेतले की झालं.

आणि इथेच हमखास चूक होते. मूळ नकाशा १:४००० चा असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर. पण झेरॉक्सवाला तो ए-थ्रीवर बसवण्यासाठी लहान करतो. कोपऱ्यात छापलेलं १:४००० तसंच राहतं, नकाशा मात्र आता १:४००० चा राहिलेला नसतो. मग पट्टी लावून मापं काढली की रस्ता बारा मीटरचा नऊ निघतो, तुम्ही हरकतीत नऊ लिहिता, आणि सुनावणीत तेवढ्यावरून सगळी हरकत हास्यास्पद ठरते. आकड्यातलं प्रमाण सोडा, नकाशाच्या खाली जी पट्टी काढलेली असते तिच्यावरून मोजा. ती नकाशाबरोबरच लहान झालेली असते. शिवाय १:४००० वर अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर दोन मीटर खाते, हे ध्यानात ठेवून "सुमारे" लिहा.

जिभाऊंच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. "आमच्या लहान मुलांच्या भावना लक्षात घेऊन" असं होतं. वाचून गलबलून येतं. पण सरकारी भाषेत अशा कागदाला एक शब्द आहे, मोघम. "हरकत मोघम स्वरूपाची असल्याने अमान्य." अहवालात हा शेरा मारायला अर्धं मिनिट लागतं. मोघम ठरू द्यायचं नसेल तर आकडे घाला. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. ३,८०० भागिले दहा, म्हणजे ३८० माणसं. मतदार यादीवरून आसपासची वस्ती मोजा आणि लिहा की एवढ्या लोकांना एवढी जागा हवी, आहे एवढी, आणि ती तुम्ही आणखी कमी करताय. आकड्याला "मोघम" म्हणता येत नाही. खोडायचा तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण कागदावर आलं की पुढे उपयोगी पडतं.

मोजताना ओपन स्पेसही मोजा, म्हणजे ले-आउटमध्ये सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा. आपल्याकडे प्रत्येक ले-आउटला ओपन स्पेस असतो आणि प्रत्येक ओपन स्पेसवर काहीतरी असतंच. कुठे सभामंडप, कुठे पाण्याची टाकी, कुठे व्यायामशाळा आणि तिच्यावर कोणाच्या तरी नावाचा भलामोठा बोर्ड. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एकरभर ले-आउटला साधारण चार गुंठे. कागदावर ते चार गुंठे हिरवे असतात. प्रत्यक्षात हिरवं किती उरलंय ते टेपने मोजा, फोटो काढा, आणि सातबाऱ्यावर त्या जागेला कोणाचं नाव आहे तेही बघा. मूळ मालकाचं नाव अजून तसंच असेल तर पुढचा घोळ तिथेच शिजतोय असं समजा.

मालकाची बाजू खोटी नाही, हेही लिहायला हवं. तीस-तीस वर्षं जमिनीवर आरक्षणाचा शिक्का, विकता येत नाही, बांधता येत नाही, पैसेही मिळत नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला चांगला वाढला आणि आपल्या पालिकांची तिजोरी सगळ्यांना ठाऊक आहे. ठीक.

पण यात जी मेख आहे ती कोणी सांगत नाही. कलम १२७. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतलेली नसेल, तर मालक पालिकेला नोटीस देतो, सरकारी भाषेत "खरेदी सूचना". नोटिशीपासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाचं पाऊल उचललं नाही, की आरक्षण आपोआप गळतं. पूर्वी ही मुदत सहाच महिने होती. गिरणार ट्रेडर्स खटल्याच्या २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नुसत्या पत्रव्यवहाराला "पाऊल" मानलं नाही. आता बघा, ती नोटीस तुम्हाला-मला येत नाही. ती आवक टेबलावर येते, फाइलीत जाते आणि फाइल कपाटात पडते. कोणीही सही केली नाही, कोणीही ठराव केला नाही, कोणाकडेही बोट दाखवता येत नाही, आणि बाग गेली. २४ महिने नुसतं बसून राहणं हाच निर्णय असतो. संताप येतो तो याचा. उघड उघड विकली असती तर निदान भांडता आलं असतं.

यावर दहा रुपयांचा उपाय आहे. दर वर्षी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. "आपल्या हद्दीत कलम १२७ अन्वये किती खरेदी सूचना प्राप्त झाल्या, गट क्रमांक, आरक्षण क्रमांक, प्राप्तीचा दिनांक आणि त्यावर केलेली कार्यवाही." एवढी एक ओळ पुरे. दिनांक कळला की २४ महिने कॅलेंडरवर मोजा आणि अठराव्या महिन्यालाच आरडाओरड सुरू करा. तेविसाव्या महिन्यात उठून उपयोग नाही, भूसंपादनाचा प्रस्ताव तेवढ्यात हलत नाही.

आणि खरं सांगायचं तर हे सगळं उशिराचं काम आहे. खरी वेळ असते ती वीस वर्षांतून एकदा. आराखडा सुधारायचा इरादा जाहीर होतो, मग सध्याच्या जमीन वापराची पाहणी होते. एजन्सीची दोन पोरं टॅब घेऊन भर दुपारी फिरतात. शुकशुकाट असतो, सगळे पंख्याखाली. पोरं खेळतात ती जागा त्यांच्या टॅबवर "रिकामी जागा" होते. नाला पावसाळ्याखेरीज कोरडाच असतो, तोही रिकामी जागा. पुढचे सगळे रंग या नकाशावर चढतात, पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग. एकदा "रिकामी" लिहिलं गेलं की पिवळा रंग चढायला कितीसा वेळ. पांझरेकाठच्या, गिरणेकाठच्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी कुठल्या ओट्याला लागलं होतं ते बोट ठेवून दाखवतील. निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. त्या रेषा पाटबंधारे खातं काढतं, पण म्हाताऱ्यांचं बोट त्या कागदावर कोणी नेऊन ठेवत नाही. ते काम आपलं होतं.

कोणी म्हणेल, १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, नवी वस्ती आखली, तेव्हा कोणाला विचारलं होतं? तरी गल्ली नंबर चार आणि पाच अजून सरळ आहेत. आहेत. मान्य. पण त्याला तिथे प्लॉट विकायचे नव्हते.

पुन्हा जिभाऊंकडे येतो. त्यांच्या ६४ सह्यांना ६४ हरकती व्हायला हवं होतं. एक कागद म्हणजे एक आवक क्रमांक, त्यावर सह्या चौसष्ट असोत की सहाशे. पण टाळक्यागणिक वेगळा कागद दिला तर रजिस्टरमध्ये चौसष्ट ओळी, अहवालात चौसष्ट ओळी आणि प्रत्येकीपुढे मान्य-अमान्य लिहिणं भाग. मजकूर एकच चालतो, पण दुसऱ्या परिच्छेदात आपापलं काहीतरी लिहा. घरापासून बाग किती पावलांवर, घरात मुलं-म्हातारी किती. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य हवंच. दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" असं म्हणाले तर खुर्ची ओढून बसा. शिवाय एक प्रत स्पीड पोस्टाने. फेरबदलाला अंतिम मंजुरी शासनाची, म्हणून नाशिकच्या सहसंचालकांना आणि पुण्याला नगररचना संचालकांना प्रत पाठवा.

सुनावणीत बोलायला दोन मिनिटंच मिळतात, आणि बोललेलं कोणी लिहून घेत नाही. म्हणून बोलायचं तेच लेखी नेऊन त्याचीही पोच घ्यायची. आराखड्याची सुनावणी असेल तर समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्या जाणकारांकडे बघून बोला. नकाशा त्यांना कळतो.

जिभाऊंवर चिडून काही लिहावंसं वाटत नाही. त्यांना हे सांगणारं कोणी नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आम्ही, गेल्या महिन्यात आयपीएलवर पोस्टी टाकत होतो.

आता कामाचं. आजच्याच पेपरात, पुन्हा पान सातवर, दुसरी नोटीस आली आहे. यावेळी खेळाचं मैदान. मुदत एक महिना, आणि शेवटचा दिवस शनिवारी येतो. शनिवारी कार्यालय बंद. पुढचा कामाचा दिवस चालतो म्हणतात, पण त्यावर वाद घालत बसायचं नाही, शुक्रवार धरायचा. मजकूर मी तयार केलाय, गट नंबर आणि क्षेत्र भरून. पावलांचा आकडा तेवढा तुमचा तुम्ही भरा. जिभाऊ उद्या संध्याकाळपासून कोरे फॉर्म घेऊन फिरणार आहेत. बेल वाजली की दार उघडा, आणि "आमचे ते घरी नाहीत" सांगू नका. बाईची सहीही चालते, तीही वेगळ्या कागदावर.