अलास्कात अटलांटिक? आधी नकाशा तरी बघा

आमच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला, खाली हात जोडलेले इमोजी, आणि भाच्याने तो चक्क सातवीच्या भूगोलाच्या प्रोजेक्टमधे घातला म्हणून लिहितोय, एरवी असल्या फॉरवर्डांच्या नादी लागत नाही. दावा असा: अलास्काच्या आखातात पॅसिफिक आणि अटलांटिक भेटतात पण मिसळत नाहीत, मधे अदृश्य भिंत आहे, मासे ती ओलांडत नाहीत, कन्याकुमारीलाही तसंच, त्यामुळे एका समुद्रातली घाण दुसऱ्यात जात नाही, आणि नासाने हे मान्य केलंय.

अहो, अलास्काच्या आखाताला अटलांटिक लागतच नाही, मधे अख्खा कॅनडा आडवा पडलाय! हे दोघं भेटतात ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाखाली, ड्रेक पॅसेजमधे, आणि तिथे अंटार्क्टिकाभोवती फिरणारा जगातला सगळ्यात मोठा प्रवाह सेकंदाला दहा कोटी घनमीटरपेक्षा जास्त पाणी पॅसिफिकमधून अटलांटिकमधे ढकलत असतो.

आता भिंत. रेष दिसते हे खरंय, तेवढं कबूल. केन ब्रुलँड हे कॅलिफोर्नियातले समुद्रशास्त्रज्ञ 2007 मधे ह्याच आखातात समुद्रातल्या लोहाचा अभ्यास करायला गेले होते, तिथला रेषेचा फोटो नेटवर गाजला आणि त्यांनीच नंतर खुलासा केला की हिमनद्यांनी दगड दळून केलेलं पीठ नद्यांमधून समुद्रात येतं, ते गोडं गढूळ पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खाऱ्या पाण्यात मिसळायला वेळ लागतो. वेळ लागतो, एवढंच. रेष जागा बदलत राहते, शेवटी विरते. शिवाय त्या गाळातलं लोह प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, हवं असतं, आणि प्लवक तिथे मासे. तिथला सॅमन तर नदीतून समुद्रात आणि परत नदीत जातो, त्याला कुठली भिंत अडवते?

कन्याकुमारीचं आणि घाणीचं एकत्रच घेतो, कारण डोकं फिरलं ते ह्यानेच. अरबी समुद्र जास्त खारट आणि बंगालचा उपसागर नद्यांमुळे कमी, हे बरोबर. पण पावसाळ्यात वारे अरबी समुद्राचं पाणी श्रीलंकेच्या खालून उपसागरात नेतात आणि हिवाळ्यात प्रवाह चक्क उलटा फिरून उपसागराचं कमी खारट पाणी केरळच्या बाजूला आणतो. दर वर्षी. गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ह्याच प्रवाहांवर काम केलंय. आणि घाण जात नाही म्हणता? मे 2025 मधे एमएससी एल्सा 3 जहाज कोचीजवळ बुडालं, 640 कंटेनर होते, त्यातले प्लास्टिकचे बारीक दाणे आधी केरळच्या वाळूत, मग कन्याकुमारी जिल्ह्यात, आणि जूनमधे पार पूर्वेकडे, रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीला. भिंत काय सुट्टीवर होती? किनाऱ्यावर माणसं चाळण्या घेऊन वाळू चाळत बसली होती. 'तिकडची घाण इकडे येत नाही' हे ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्यांना जाऊन सांगा.

राहता राहिली नासा. त्यांच्याच सॅटेलाइट फोटोंत अलास्काचं गाळाचं पाणी भोवरे घेत लांबवर पसरताना दिसतं. मी ते ग्रुपवर टाकले. मावशीने अंगठा दाखवला, आणि भाच्याचं म्हणणं की प्रोजेक्ट सबमिट झालाय, आता राहू दे.