नवा विषाणू आणि आईचा माळा

काल माळा साफ करताना आईशी वाजलं. उंदराच्या वाळलेल्या लेंड्यांवर ती सरळ झाडू मारायला निघाली होती. म्हटलं, आधी ब्लीचचं पाणी शिंपड, थोडा वेळ थांब, मग ओल्या फडक्याने पूस. "इतकी वर्षं काय मेलो का आम्ही?"

माझ्या डोक्यात १९९३ साल होतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको, अॅरिझोना, युटा आणि कोलोरॅडो एकमेकांना भिडतात त्या भागात नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतला एक धडधाकट तरुण, चांगला धावपटू, दम लागून बघता बघता गेला. होणाऱ्या बायकोच्या अंत्यविधीला निघाला होता तो. तीही काही दिवसांपूर्वी तशीच गेलेली. पेपरांनी 'नवाहो फ्लू' म्हणून बारसं करून टाकलं आणि नवाहो माणूस दिसला की लोक लांब सरायला लागले.

रुग्णांच्या रक्तातून माग लागला तो हंताव्हायरसचा, म्हणजे उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांत राहणाऱ्या विषाणूंच्या एका गटाचा. मग पिंजरे लागले, सुमारे १७०० छोटे प्राणी पकडले, आणि टपोऱ्या डोळ्यांच्या 'डिअर माऊस'मध्ये साधारण दर तिसऱ्याला लागण झालेली निघाली. मूत-लेंड्या वाळतात, धूळ उडते, ती श्वासात जाते. दुष्काळानंतर बर्फ-पाऊस दणकून झाला होता, पिन्यॉन या पाइनच्या झाडाच्या बिया उदंड आल्या होत्या, उंदीर वर्षभरात दहापट. नवाहो म्हातारेकोतारे हेच सांगत होते: पिन्यॉन फार आलं की उंदीर फार, त्यांना घरात थारा देऊ नका.

आता खरी गोष्ट. न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठातल्या संग्रहालयाने साथीच्या आधी पकडलेल्या उंदरांचे तुकडे गोठवून ठेवले होते. त्यांतही विषाणूच्या खुणा मिळाल्या. युटातल्या एका माणसाला तर १९५९ मध्येच हा आजार झाला होता, हे जपलेल्या नमुन्यामुळे मागाहून कळलं. म्हणजे 'नवा' काय होता? आपलं लक्ष.

आपल्याकडचंही ऐका. कोरियात हो वांग ली या शास्त्रज्ञांना शेतातल्या उंदरात याच हंता गटातला हंतान विषाणू दिसला १९७६ मध्ये. त्याच्या बारा वर्षं आधी, १९६४ मध्ये, वेल्लोरजवळ पकडलेल्या चिचुंद्रीत याच गटातला थोट्टापालयम विषाणू हाती लागला होता. (चिचुंद्री उंदीर नव्हे, हे जाता जाता.) पण तेव्हा तो कुठल्या घरचा हेच कुणाला कळेना. ओळख पटायला वर्षं गेली, आणि पटली ती कुणीतरी तो टाकून दिला नाही म्हणून.

आता एका उंदराच्या आतड्यातून जनुकं वाचणारी यंत्रं डझनभर विषाणू काढून देतात. त्यातला माणसाला कुठला बाधेल, हे यादीवरून कळत नाही. ते कळायला त्याच रानात दर महिन्याला पिंजरे लावणारा, कुपीवर गाव-तारीख नीट लिहिणारा, वीज गेली की रात्री फ्रीजरकडे धावणारा माणूस लागतो. त्याची बातमी होत नाही. खर्चाला कात्री लावायची म्हटली की पहिली तिथेच लागते, याचा मला खरोखर राग येतो.

असो. आईने शेवटी पाणी शिंपडलं. मागच्या पत्र्याच्या पेटीतून माझ्या पहिलीच्या वह्या निघाल्या, कडा कुरतडलेल्या. म्हटलं, टाक आता. "राहू दे," म्हणाली, आणि पुसून परत वर ठेवल्या.