युद्धस्य कथा रम्या, टीआरपी त्याहून रम्य

रात्री जेवताना बातम्या लावायची सोय राहिलेली नाही. लावल्या की आठ-नऊ खिडक्यांतून आठ-नऊ माणसं एकमेकांवर खेकसतायत, खाली लाल पट्टी पळतेय, मागे तोफांचे आवाज. चार निवृत्त साहेब, दोन पक्षांचे प्रवक्ते, एक 'संरक्षणतज्ज्ञ' (हे कुठल्या शाळेत तयार होतात देव जाणे). आणि कोपऱ्यात एक बिचारा प्राध्यापक, 'बोलणी करा' म्हणायला आणलेला. त्याचं 'मला असं वाटतं की' संपायच्या आत अँकर गरजतो, 'तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?' झालं! दुसरी बाजू दाखवली म्हणायला हे मोकळे. अरे, त्याला बोलायला नाही, धोपटायला बोलावलंय.

मे २०२५ मधली भारत-पाकिस्तान लढाई आठवतेय ना? माझी आई गिरगावातली. एकाहत्तरच्या लढाईत घराच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवून बसलेली बाई. टीव्हीवर सायरन वाजला तशी ताटावरून उठली आणि गॅलरीतला दिवा बंद करून आली. यांना काय, एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या! शेवटी केंद्राच्या नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना सांगावं लागलं, की बाबांनो, कार्यक्रमांत सायरन वाजवू नका. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांत गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी परस्पर दहशतवादी करून टाकलं. पोलिसांनी खुलासा केला, पण तोवर घरच्यांनी काय ऐकलं असेल?

१० मेला शस्त्रसंधी झाली आणि स्टुडिओंना सुतक लागलं. ती जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना आणि त्यांच्या मुलीला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या, की माणसाला आपल्या एक्सच्या खात्याला कुलूप लावावं लागलं. लगेचच पुण्यात माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे म्हणाले, युद्ध म्हणजे बॉलिवूडचा सिनेमा नव्हे, त्यात रोमँटिक काही नसतं. आता या माणसाला तर कोणी झोलावाला म्हणू शकत नाही! अख्खी हयात वर्दीत गेली. त्याच्यावर किती रात्री महाचर्चा रंगल्या? बातमी आली, गेली.

मी ते वाक्य नाव न लिहिता सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरींचं तत्काळ उत्तर, 'सैन्याचा अपमान करणारे मेसेज नकोत.'

आणि शांततेची बाजू ऐकायला मुंबईत तर या पत्रकारांना लांब जायचीही गरज नाही. निदर्शनं करायची तर आझाद मैदान, आणि मैदानाच्या कडेलाच प्रेस क्लब नि मराठी पत्रकार संघ! चहा पिता पिता घोषणा ऐकू येतील. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी तिथे निदर्शनं करू द्या म्हणून माकप हायकोर्टात गेला, तर आधी आपल्या देशाचं बघा, असं कोर्टाने सुनावलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते ठळक छापून आलं. पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि निदर्शनं झाली, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करा.

पेपरात काम करणारा एक मित्र म्हणतो, 'दोनशे माणसं, हातात फलक, धक्काबुक्की नाही, तर डेस्क विचारतो यात बातमी काय?' आणि रस्ता अडला, की बातमी होते वाहतूककोंडीची! माणसं कशासाठी आली होती ते शेवटच्या ओळीत, तीही जागा उरली तर. उलट युद्ध असलं की सरकारी साहेब रोज ठरल्या वेळी ब्रीफिंग देतात, फोटो देतात, नकाशे देतात. आयतं ताट. साहेबांना टोचणारं लिहिलं तर उद्या फोन कोण उचलणार? शांततावाल्यांकडे ना पीआर, ना जाहिराती, ना स्फोटाचं फुटेज.

हे काही आपल्याकडचंच खूळ नाही म्हणा. २००३ च्या फेब्रुवारीत, इराकवर हल्ला व्हायच्या आधी, 'फेअर' या संस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांच्या रात्रीच्या बातम्यांमध्ये इराकबद्दल कोण कोण बोललं ते मोजलं. दोन आठवड्यांत ३९३ जण. त्यातले युद्धविरोधी संघटनांचे किती? ३! आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला लंडन, रोमसकट जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. ज्यांच्या नावाने हल्ला केला ती महासंहारक अस्त्रं इराकमध्ये काही सापडली नाहीत. मे २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या बातम्या कच्च्या होत्या असं छापून मान्य केलं, तोवर बगदाद पडून वर्ष उलटलं होतं.

आपल्याकडे तर त्या मे महिन्यात वाहिन्यांनी एका रात्रीत पडद्यावरच कराचीचं बंदर बुडवलं. एखाद्या अँकरने माफी मागितली, बाकीचे ब्रेक घेऊन पुढच्या ब्रेकिंगला लागले. कराचीचं बंदर आहे तिथेच आहे, आणि ते बुडवणारेही आपापल्या खुर्चीत.