‘चौदा महिन्यांत सोलचा भुगा, वर घसरतोही’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

कॅप्टनसाहेब, नमस्कार.

तुमच्या दोन तक्रारी आहेत: गोव्याच्या मोपा विमानतळावर पावसात वॉकअराउंड, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करताना ॲप्रनवरच्या (विमानं उभी राहतात त्या जागेवरच्या) पिवळ्या पट्ट्यावर आमच्याकडून घेतलेला बूट सटकला, आणि चौदा महिन्यांत सोलचे तुकडे पडले. दुसरीत चूक आमची, म्हणून आधी तीच.

फोटोत टाच ओल्या बिस्किटासारखी सुटलेली दिसते. हा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. हवेतला दमटपणा त्याला आतून तोडत जातो, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. गोव्याच्या हवेत न घातलेला, खोक्यात पडून राहिलेला जोडही असाच जातो. सोलवर घड्याळासारखा गोल शिक्का आहे: बाण महिन्यावर, मध्ये सालाचे दोन आकडे. त्यावरून हा जोड विकला तेव्हाच तीन वर्षांचा होता. विकण्याआधी तो शिक्का आम्ही बघायला हवा होता. ओले बूट तुम्ही डिकीत ठेवत होता, त्याने वेग वाढला असेल, पण मूळ कारण ते नाही. आता सोल्युशन लावून घेऊ नका, भुग्यावर ते धरत नाही. वरचं चामडं चांगलं आहे. रबरी सोल बसवून देऊ किंवा पूर्ण पैसे परत, तुम्ही म्हणाल तसं.

घसरण्याबाबत मात्र थोडं वेगळं. बुटाच्या जिभेवर ‘एसआरसी’ छापलंय. ती सुरक्षा बुटांच्या जुन्या मानकातली, न घसरण्याची खूण: साबणपाणी ओतलेली सिरॅमिक फरशी आणि ग्लिसरीन लावलेला स्टीलचा पत्रा, दोन्हींवर चाचणी पास. 2022 च्या मानकात ती जाऊन ‘एसआर’ आली. ओल्या रंगाचा पट्टा किंवा इंधन सांडलेलं काँक्रीट यांची हमी दोन्हींत नाही. हे विकताना सांगायला हवं होतं, तेवढा दोष आमचा. पट्टा शक्यतो चुकवूनच चाला. शिवाय नव्या सोलवर साच्यातून सुटण्यासाठीचं द्रव्य राहतं. 100 नंबरच्या पॉलिश पेपरने तळ घासून साबणाने धुतल्याशिवाय पावसात घालू नये. चकाकीसाठी स्पंज फिरवताना सिलिकॉन कडेवरून तळाला लागतं, तेही पुसावं.

‘मग ट्रेकिंगसारखा खोल खाचांचा सोल का नाही दिला?’ असं विचारलंय. खोल खाचांत खडी अडकते आणि ॲप्रनवर गळते. अशी बाहेरची वस्तू, म्हणजे एफओडी, विमानाला किती धोक्याची ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. जाड सोलने टो-ब्रेकचा, म्हणजे पेडलवर पायाच्या पुढच्या भागाने दाबायच्या ब्रेकचा अंदाजही जातो, आणि बाहेर आलेली रुंद कड पेडलला अडकू शकते. म्हणून बारीक, वेगवेगळे ठोकळे, कडेपर्यंत पाणी काढणाऱ्या सुमारे 3 मिलिमीटरच्या खाचा, आणि सगळा तळ रबराचा. सोलच्या आतली, आधार देणारी मधली पट्टी स्टीलची नको, सिक्युरिटीच्या चौकटीत दर वेळी वाजते, फायबरची घ्या.

नवा जोड घ्यायला संध्याकाळी, ड्युटीचेच मोजे घालून या. दिवसभर बसून पाय सुजतात, तेव्हा अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे. दोन जोड आलटून पालटून घाला. भिजलेल्यात वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीनदा बदला, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. आणि सोलवरचा शिक्का आम्ही दाखवण्याआधी तुम्हीच बघा. वर्षाहून जुना पीयू आम्ही आता काउंटरवर ठेवत नाही.

येताना जुना जोड आणा. बिल नसलं तरी चालेल.