शाळा बंद झाली, म्हणून आमच्या नोंदीही बेवारस?

"अहो, शाळाच राहिली नाही, तर पडताळणी करून देणार कोण?" हे वाक्य मला काल फोनवर ऐकवण्यात आले. बोलणारे गृहस्थ मी शिकलो त्या, आता बंद पडलेल्या खासगी शाळेच्या संस्थेचे माजी सचिव होते, आणि त्यांच्या आवाजात ओशाळलेपणाचा लवलेश नव्हता. उलट इतक्या वर्षांनी माझ्या शाळेच्या दाखल्याच्या पडताळणीचा प्रश्न उकरून काढल्याबद्दल ते माझ्यावरच वैतागले होते. त्यापुढे त्यांनी जो सल्ला दिला, तो मला रात्रभर टोचत राहिला: "तुम्ही तेव्हाच जास्तीच्या प्रती काढून ठेवायला हव्या होत्या." माझ्याकडे शाळा सोडल्याचा मूळ दाखला आहे, सगळी गुणपत्रके आहेत, एकही कागद मी हरवलेला नाही. पण पडताळणी करणारे कार्यालय उमेदवाराच्या हातातल्या कागदावर विसंबत नाही. ज्याने नोंद केली त्याच्याकडूनच ते थेट उत्तर मागते, आणि बनावट दाखले सर्रास निघत असताना त्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. अशा वेळी मी शंभर प्रती काढून ठेवल्या असत्या, तरी त्यांचा काय उपयोग होता? शाळेच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत येते, ईमेल पोहोचत नाही, आणि माझ्या नावापुढे 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा पडतो. वाचणाऱ्याला तो 'दाखला खोटा आहे' असाच वाटतो. दहा वर्षे प्रामाणिकपणे शिकलेल्या माणसावर हा संशय का यावा?

शाळा काही एका रात्रीत बंद झाली नव्हती. बाके विकली गेली, बस विकल्या गेल्या, प्रयोगशाळेतील काचेच्या नळ्यासुद्धा मोजून दिल्या गेल्या, आणि थकलेल्या फीची यादी तर शेवटच्या दिवसापर्यंत अद्ययावत होती. मात्र जनरल रजिस्टरचा ताबा कोणाकडे दिला, असे विचारल्यावर सचिवांना काही आठवत नाही. "बहुतेक कोणाच्या तरी घरी असेल," म्हणे! त्या रजिस्टरमध्ये शेकडो माणसांची नावे, जन्मतारखा, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख आहे. ते कोणाच्या माळ्यावर ओल धरत पडण्याची वस्तू नाही.

"सगळे संगणकात आहे" हे आश्वासनही मी याआधी ऐकले आहे, आणि त्याची मला आता चीड येते. संस्थेने सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क भरणे थांबवले, कंपनीने खाते बंद केले, आणि उरला तो एक पेन ड्राइव्ह, ज्यातली फाइल कोणत्याही संगणकावर उघडत नाही. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए हे प्रमाणित स्वरूप २००५ पासून उपलब्ध आहे. शेवटच्या महिन्यात एका कारकुनाला बसवून निकालपत्रके त्या स्वरूपात साठवून घेणे अशक्य होते का?

जे जपायचे ते हरवले, आणि जे झाकून ठेवायचे ते उघड्यावर टाकले. शाळा रिकामी होत असताना माझ्या धाकट्या भावाच्या वर्गाच्या आरोग्यनोंदी मी रद्दीच्या गोणीत पाहिल्या आहेत. कोणाला फिट येतात, कोणाच्या घरी काय चालले आहे, हे सारे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येत होते. आजही ते आठवले की माझ्या अंगाची आग होते. प्रवेशाच्या आणि निकालाच्या नोंदी कायम ठेवायच्या, हजेरी आणि पावत्या ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या, आरोग्याची आणि समुपदेशनाची टिपणे गोपनीय ठेवून मुदत संपताच बारीक कापून टाकायची, हे वेगळे करायला फार विद्वत्ता लागत नाही. अभिलेख व्यवस्थापनाचे आयएसओ १५४८९ हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. तेव्हा "यासाठी काही पद्धतच नसते" हे सचिवांचे म्हणणे मी मुळीच मान्य करणार नाही.

आज मी त्यांना चौथे पत्र लिहिले आहे. रजिस्टर कोणाच्या ताब्यात आहे, ते शिक्षण खात्याकडे किंवा दुसऱ्या चालू शाळेकडे रीतसर यादीनिशी कधी सोपवणार, आणि तोवर पडताळणीच्या पत्रांना सही करून उत्तर कोण देणार, एवढेच मी विचारले आहे. माझ्या दाखल्यावर रजिस्टर क्रमांक ठळक छापलेला आहे. तोही पत्रात लिहिला आहे, म्हणजे पान शोधायला पाच मिनिटेही लागू नयेत.